जमिनीखालच्या नहरींचं शहर

(कामरगावच्या महिला बचत गटाने समुदाय रेडिओवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं कामरगाव, तिथल्या बचत गटाच्या आम्ही बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत. विषय आहे सहलीचा. दोन दिवसांत आम्ही एक जुनं कालव्यांचं शहर पाहून आलो. ते कोणतं, तिथं काय पाहिलं आणि पाहून आल्यावर आमच्यात काय बोलणं झालं, ते सांगतो.

कालव्यांचं शहर म्हटलं की टीव्हीवर पाहिलेलं व्हेनिस आठवतं. ‘द ग्रेट गॅम्बलर’ नावाच्या १९७९ च्या सिनेमात अमिताभ बच्चन आणि झीनत अमान होडीत बसून जातात, ते शहर. तिथं रस्त्याच्या जागी पाणी. दारातून पाऊल टाकलं की होडीत. पण त्या शहराची एक गोष्ट सिनेमात दिसत नाही. ते पाणी समुद्राचं, म्हणजे खारट. इतक्या पाण्यात राहूनही व्हेनिसच्या बायांना प्यायला पाणी मिळायचं ते पावसाचं. चौकाचौकात फरशीखाली मोठी टाकी बांधलेली, त्यात वाळूतून गाळून पाऊस साठवायचा आणि मधल्या विहिरीतून शेंदायचा. नळाचं पाणी त्या शहरात आलं १८८४ साली. तोवर तिथल्या बाईच्या हातातही आपल्यासारखीच बादली होती.

आम्ही काही व्हेनिसला गेलो नाही. आम्ही गेलो छत्रपती संभाजीनगरला, ज्याला आपल्याकडे अजूनही सवयीनं औरंगाबाद म्हणतात. तेही कालव्यांचंच शहर आहे. फरक इतकाच की त्याचे कालवे डोळ्यांना दिसत नाहीत. ते जमिनीखाली आहेत. त्यांना तिथं म्हणतात नहर.

आधी जाण्याचं सांगतो, कारण बऱ्याच जणी तेच विचारतात. महिन्याच्या बचतीशिवाय आम्ही दरमहा पन्नास रुपये सहलीचे म्हणून वेगळे ठेवत होतो. वर्षाचे सहाशे झाले. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. त्यामुळे सहाशेत जाणं-येणं आणि वरचा खर्च बसला. मुक्काम गटातल्या एका काकूंच्या लेकीकडे. तिला तिकडे दिलेलं आहे. बाराजणींना तिनं दोन खोल्यांत झोपवलं आणि तक्रार केली नाही. दिवाळी झाली होती, सोयाबीन घरात आलं होतं, हरभरा पेरून झाला होता. कापसाची वेचणी मात्र सुरू होती. दोन दिवसांची मजुरी बुडाली हे खरं. घरून थोडी कुरकुरही झाली. पण आमच्यातल्या सगळ्यांत वडील काकू म्हणाल्या, “चाळीस वर्षं वेचतेय. दोन दिवसांनी कापूस काही पळून जात नाही.”

कारंज्याहून गाडी धरली की शेलूबाजार, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना असा रस्ता आहे. पहाटे निघालो तर दुपारी पोचतो. सिंदखेडराजा आलं की सगळ्यांनी खिडकीतून हात जोडले. जिजाऊंचं माहेर ते. तिथले मोती तलाव, चांदणी तलाव बऱ्याच जणींनी आधी पाहिलेले. हे सांगायचं कारण असं की ज्या माणसानं हे नहरींचं शहर वसवलं, तो त्याच काळातला. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव, सासरे मालोजीराजे, पती शहाजीराजे ही मंडळी ज्या निजामशाहीच्या दरबारात वावरली, त्याच निजामशाहीचा तो वजीर. त्याचं नाव मलिक अंबर.

मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतल्या हबशी मुलखातला, आजच्या इथिओपियातला. जन्म १५४८ च्या आसपासचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात फिरत शेवटी दख्खनमध्ये आला. ज्यानं त्याला इथं विकत घेतलं, तोही निजामशाहीचा मंत्री आणि स्वतः हबशीच. मालक गेल्यावर हा मोकळा झाला, शिपाई झाला, सरदार झाला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, चांदबिबी गेली, निजामशाही बुडाली असं सगळ्यांना वाटलं. त्या वेळी या माणसानं ती पुन्हा उभी केली आणि पंचवीस वर्षं मोगलांना झुंजवलं. गनिमी काव्याच्या लढाईत त्याचा हातखंडा. १६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

विकलं गेलेलं पोर वजीर होतं, ही गोष्ट आम्ही बसमध्येच एकमेकींना सांगत होतो. गटातली एक मुलगी बारावी शिकलेली आहे, तिनं शाळेच्या पुस्तकातली मलिक अंबरची जमीनमोजणी आणि शेतसारा ठरवण्याची पद्धतही आठवून सांगितली. पण ते राज्यकारभाराचं झालं. आमचं लक्ष होतं त्याच्या पाण्याकडे.

त्यानं १६१० च्या सुमारास खडकी नावाच्या गावाजवळ आपली राजधानी वसवली. नावातच खडक. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून वाहणारी खाम नदी, ती पावसाळ्यापुरती जोर धरणारी. पाऊस आपल्या वाशीमपेक्षा कमीच. अशा ठिकाणी फौज, बाजार, हत्ती-घोडे आणि हजारो माणसं ठेवायची तर पाणी कुठून आणणार? लोकांना ते वेडेपणाचं वाटलं असेल. यानं पाणी आणलं जमिनीखालून. पुढे त्याच्या मुलानं, फतेहखानानं शहराला फतेहनगर नाव दिलं, मग औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते औरंगाबाद झालं. नावं बदलत गेली, पण प्रत्येक राजवटीनं पाणी मात्र नहरींचंच प्यायलं आणि नव्या नहरी जोडत गेली. लहान-मोठ्या मिळून बारा तरी नहरी होत्या असं सांगतात. पहिली आणि सगळ्यांत मोठी ती नहर-ए-अंबरी.

एक गंमत सांगतो. त्याच काळात, १६१३ साली, हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात मोठे कालवे खोदायला सुरुवात झाली. आज जगभरचे लोक ते पाहायला जातात. आणि आपल्या विदर्भाच्या हद्दीला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात मोगलांच्या खानखानानानं १६१५ च्या सुमारास अशीच जमिनीखालची नहर बांधून घेतली. तिला कुंडी भंडारा म्हणतात. हा खानखानान मलिक अंबरचा वैरी. रणात एकमेकांचे गळे धरणारे दोघे, पण पाणी आणायची रीत दोघांची एकच.

आता ही रीत काय, ते सांगतो. अवघड नाही. नदी आटली तरी तिच्या वाळूखाली पाणी असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. उन्हाळ्यात नाल्यात झिरा खोदून वाटीनं गुंड भरलेल्या बाया आपल्यात अजून आहेत. नहर म्हणजे त्याच झिऱ्याचा मोठा अवतार. शहराच्या उत्तरेला हर्सूलकडे जमीन उंच आहे. तिथं नदी-नाल्यांच्या तळाखालचं झिरपणारं पाणी एकत्र करायचं, ते दगड-चुन्यानं बांधलेल्या भुयारी पाटात सोडायचं आणि बेताचा उतार धरून शहरापर्यंत न्यायचं. अंबरी नहरीचं भुयार तर माणूस आत शिरून चालू शकेल एवढं. शहरात आल्यावर ते पाणी खापराच्या नळ्यांतून मोहल्ल्या-मोहल्ल्यातल्या हौदांत वाटलं जायचं. पाणी झाकलेलं, म्हणून उन्हानं उडत नाही. मोटार नाही, इंजिन नाही, वीज नाही. पाणी वाहतं ते फक्त उतारावर.

पण पाणी उतारानं खाली येतं हे समजलं, ते वर कसं चढायचं? शहरात जुन्या रस्त्यांच्या कडेला विटा-दगडांचे उभे मनोरे दिसतात. त्यांना बंबे म्हणतात. नळीतलं पाणी या बंब्यांत वर चढतं आणि पुढच्या नळीत उतरतं. आमच्यातल्या एकीचा नवरा गवंडी आहे. तिनं हे सगळ्यांत आधी ओळखलं. म्हणाली, “अगं, ही तर आमच्या घरातली पातळी-नळी!” भिंतीची पातळी पाहायला गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतात आणि दोन टोकं दोन माणसं धरतात. एका टोकाला पाणी जेवढं उंच, तेवढंच दुसऱ्या टोकाला. मधली नळी कितीही खाली लोंबली तरी चालते. तसंच हे. उगम उंचावर आहे, म्हणून पाणी बंब्यात तेवढं उंच चढू पाहतं. शिवाय बंब्याचं वरचं तोंड उघडं असलं की नळीत कोंडलेली हवा निघून जाते आणि पाण्याच्या दाबानं नळ्या फुटत नाहीत. चारशे वर्षांपूर्वीचं गवंडीकाम, पण आजच्या गवंड्याच्या बायकोला एका मिनिटात कळलं.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं असेल तर पाणचक्कीला जावं. बसस्थानकापासून ती लांब नाही. खाम नदीच्या काठी, मेहमूद दरवाज्याजवळ. बाबा शाह मुसाफिर नावाचे सूफी संत बुखाऱ्याकडून आले, त्यांचा दर्गा तिथं आहे. पाणचक्की त्या दर्ग्याच्या आवारातच, तीनशे वर्षांच्या आसपासची. मलिक अंबरनंतरची आहे, पण रीत तीच. डोंगराकडून काही किलोमीटर खापराच्या नळ्यांतून पाणी येतं, एका उंच भिंतीच्या आतून वर चढतं आणि भिंतीच्या माथ्यावरून धबधब्यासारखं हौदात पडतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी पडत होतं. पहिल्यांदा तर सगळ्या नुसत्या पाहत राहिल्या. मग एक वहिनी म्हणाली, “वर मोटार कुठं बसवली असेल?” मोटार नाही हे सांगूनही तिनं भिंतीला वळसा घालून पाहिलंच.

त्या पाण्याच्या जोरावर तिथं जातं फिरायचं. पाणी खालच्या पात्यांवर आदळतं, पाती फिरतात, त्यांना जोडलेला दांडा फिरतो आणि दांड्यावर बसवलेलं दगडाचं जातं फिरतं. दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना, फकिरांना, अनाथ मुलांना जेवण मिळायचं, त्याचं पीठ या चक्कीवर दळलं जायचं.

आमच्यातल्या तीन काकूंनी लग्नानंतर बरीच वर्षं हातानं दळलेलं आहे. पहाटे उठून, पोर मांडीवर घेऊन, पायलीभर ज्वारी. त्या तिघी त्या जात्यापाशी सगळ्यांत जास्त वेळ उभ्या राहिल्या. एक म्हणाली, “म्हणजे हे तेव्हाच होतं. मग आमच्यापर्यंत यायला एवढी वर्षं का लागली?” याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. पाण्यानं दळता येतं हे माहीत असणाऱ्या याच देशात, याच मराठी मुलखात, बायांचे खांदे त्यानंतरही अडीच-तीनशे वर्षं दळत राहिले. कला ठाऊक असणं वेगळं आणि ती बाईच्या कष्टाला लावणं वेगळं. हे आम्ही तिथं उभ्या उभ्या बोललो.

त्या हौदाची आणखी एक करामत पाहा. हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत. वर पाणी, खाली माणसं. उन्हाळ्यात यात्रेकरू त्या दालनात थांबायचे आणि डोक्यावरच्या पाण्यानं गारवा मिळायचा. आपल्याकडे पत्र्याच्या घरावर बायका पऱ्हाटीच्या काड्या नाहीतर ओली पोती टाकतात, त्याची आठवण झाली. बाहेर एक भला मोठा जुना वड आहे, त्याच्या सावलीत शिदोरी सोडली. भाकर, ठेचा, चटणी आणि लेकीनं दिलेला भात. तिथं झाडलोट करणारे एक वयस्क गृहस्थ होते. आम्ही त्यांना चाचा म्हणालो, त्यांनी आम्हाला बहेन. विचारलं, पाणी बारा महिने असतं का? म्हणाले, “पानी तो आता है, बहेन, मगर पहले जैसा नहीं. नहर साफ होगी तो पानी आयेगा.” एवढंच बोलून ते पुन्हा झाडू लागले.

त्यांचं ते वाक्य पुढे दोन दिवस आमच्यासोबत फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या शहरात गेलो. कारंज्याला दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस आपण पाहिल्यात. तशाच वेशी इथं, पण पुष्कळ आणि उंच. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात. सगळे आज उभे नाहीत. भडकल दरवाजा मात्र आवर्जून पाहा. मलिक अंबरनं मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ साली तो बांधला. तिथून बेगमपुऱ्यात गेलो. या भागाला पाणी देणाऱ्या नहरीला थत्ते नहर म्हणतात आणि तिथल्या हौदाला थत्ते हौद. हबशी वजिराच्या शहरात, मोगलांच्या मोहल्ल्यात, थत्ते आडनावाची नहर. पाण्याच्या कामात कोण कोणाचा, हे कुणी विचारलं नसावं.

बेगमपुऱ्याच्या एका गल्लीत आम्ही वाट विचारायला थांबलो आणि एका ताईंनी आत बोलावलं. ओळख ना पाळख, पण बाराजणींना पाणी दिलं. पाणी देताना मात्र ग्लास अर्धेच भरले. आम्हाला वाटलं, रीत असेल. मग घरात नजर गेली. न्हाणीत, जिन्याखाली, पलंगाखाली, दाराआड, जिकडे तिकडे ड्रम, टाक्या, हंडे, कॅन. सगळे झाकलेले. ताई म्हणाल्या, “नळ कधी आठ दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा. कधी रात्री दोनला येतो. ज्या रात्री येईल ती रात्र जागायची.” त्यांच्या सासूबाई सांगायच्या की त्यांच्या लहानपणी हौदावर चोवीस तास पाणी असायचं, कुणीही यावं आणि भरावं. ते त्या नहरीचं पाणी.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. इतक्या लांब शहरात येऊन आम्ही जणू आमच्याच गल्लीत बसलो होतो.

त्या शहराला आज पाणी येतं पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून. ते धरण १९७६ साली पूर्ण झालं. शहर तिथून पन्नास किलोमीटरच्या आसपास आणि धरणापेक्षा उंचावर. म्हणजे पाणी मोटारींनी चढवावं लागतं. वीज गेली, मोटार बिघडली किंवा नळ फुटला की शहर कोरडं. लोकवस्ती वाढली, लाखांच्या पुढे गेली. तेवढ्या लोकांना नुसत्या जुन्या नहरी पुरणार नाहीत, हे आम्हालाही कळतं. मोठी योजना लागणारच, आणि तिचं काम त्या शहरात सुरूही आहे. पण जे होतं ते तरी का गेलं, हा प्रश्न उरतोच.

ते कसं गेलं, हे पाहायला फार फिरावं लागत नाही. नहरीच्या वाटेवर विहिरीसारखी तोंडं ठेवलेली असतात. त्यातून माणूस खाली उतरून गाळ काढायचा, मुळ्या तोडायचा, फुटलेलं सांधायचा. हे काम दरवर्षीचं. त्यासाठी माणसं नेमलेली असायची. घरोघरी नळ आल्यावर नहरीकडे पाहायची गरज वाटेनाशी झाली. तोंडांवर घरं आली, रस्ते आले. कुठं नळ्या फुटल्या, कुठं सांडपाणी मिसळलं. आजूबाजूला बोअर झाल्या आणि नहरीत झिरपणारं पाणी आणखी खोल गेलं. नहर कुणी एका दिवसात मोडली नाही. तिला साफ करायला जाणारा माणूस एक दिवस गेला नाही, मग दुसऱ्या वर्षीही गेला नाही, आणि पुढे ती कुणाचीच उरली नाही. चाचा तेच सांगत होते. पाऊस तेव्हाही बेताचाच होता. बदलली ती माणसांची निगा.

बीबी का मकबराही पाहिला हं, नाहीतर आमच्या दोघी-तिघी रुसल्या असत्या. “सगळीकडे पाणीच पाहायचं तर मग गावातच बसलो असतो,” असं एक वहिनी म्हणालीच होती. मकबरा सुंदर आहे. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशाहानं, आपल्या आईसाठी, दिलरास बानूसाठी बांधलेला. लोक त्याला दख्खनचा ताज म्हणतात. फोटो काढले, पाय मोकळे केले. तिथंही मधोमध हौद आणि कारंजांची रांग आहे, तेव्हा त्या वहिनीलाही हसू आलं. हिमरू शाल पाहिली, किंमत ऐकून परत ठेवली. संध्याकाळी गाडी धरली.

खरी सहल झाली ती परतीच्या बसमध्ये. आमच्या वस्तीजवळ एक जुनी दगडी विहीर आहे. आमच्या सासवांनी तिचं पाणी प्यायलं. नळ आला, मग बोअर झाली, तशी विहीर मागे पडली. कठडा ढासळला, आत प्लास्टिक, निर्माल्य, फुटके माठ. उन्हाळ्यात बोअर उसासे टाकते, नळ चार-पाच दिवसांआड, आणि दरवर्षी वस्तीत एकच मागणी होते: आणखी एक बोअर पाडून द्या. आमच्या गटाच्याही चार सह्या त्या अर्जावर असायच्या.

बसमध्ये या गोष्टीवर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, विहीर साफ करू. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, साफ करून पाणी लागलंच नाही तर? बोअर निदान चार वर्षं तरी चालते. आणि विहिरीत उतरणार कोण? गाळ काढायला पुन्हा बायाच का? शेवटचा प्रश्न खरा होता. जे काम फुकटचं असतं ते बायांच्या माथी येतं, हे आम्ही पाणचक्कीच्या जात्यापाशी पाहून आलो होतो. मेहकर येईपर्यंत वाद चालला. शेवटी ठरलं ते असं: बोअरला विरोध करायचा नाही, पण आधी विहिरीचा गाळ काढायचा ठराव मागायचा. गाळ काढणं हे पंचायतीच्या कामात, मजुरी देऊन व्हावं. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी ती साफ होते की नाही हे पाहायची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी असावी.

इथून पुढचं तुमच्याही कामाचं आहे, म्हणून नीट सांगतो. गावात ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात निम्म्या जागा बायांच्या असायला हव्यात. तुमच्या गावच्या समितीत त्या बाया कोण आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? आमच्यातल्या एकीला स्वतःचं नाव समितीत आहे हे सहलीनंतर कळलं! दुसरं, जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं शिकवायची तरतूद आहे. तपासणीचा संच गावात आलेला असतो. तो कुठल्या कपाटात आहे ते विचारा. तिसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं बोललेलं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं.

आमच्या महिला सभेत अकरा जणी विहिरीवर बोलल्या. ठराव लिहिला गेला. काम अजून झालेलं नाही. मंजुरी, अंदाजपत्रक, सगळं चाललंय. तोवर आम्ही आणि घरच्या माणसांनी मिळून दोन रविवार वरचा कचरा काढला. आत उतरले ते पुरुष, आम्ही दोर धरला आणि टोपली ओढली. अर्धी ट्रॉली कचरा निघाला. खाली पाणी दिसलं, काळं आहे, पण आहे. ते उपसल्यावर किती झरे जिवंत निघतात, हे उन्हाळ्यात कळेल. तपासल्याशिवाय ते प्यायचं नाही हेही ठरलंय. भांडी-धुणी, गुरंढोरं यांच्यापुरतं जरी झालं तरी नळाचं पाणी प्यायला वाचेल.

तुमच्या गटाला ही सहल करायची असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या पुढे-मागे जा, तेव्हा पाणचक्कीत पाणी पडताना दिसायची शक्यता जास्त. उन्हाळ्यात ऊन फार आणि पाणी कमी. पाणचक्की आणि मकबरा दोन्ही ठिकाणी तिकीट आहे, सुटे पैसे ठेवा. दर्ग्यात जाताना चप्पल बाहेर, डोक्यावर पदर. जुन्या शहरात पायी फिरा, रिक्षातून बंबे दिसत नाहीत. दिसला बंबा की थांबा आणि तिथल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा. पुस्तकात नाही ते सांगतात. गाडीत बसताना पाण्याची बाटली भरून घ्या. आणि तिकडे कुणाच्या घरी गेलात तर पाणी मागताना थोडं जपून मागा.

आणि सहलीला जायच्या आधी एक काम करा. तुमच्या गावातल्या जुन्या विहिरी, झिरे, तलाव, बारव यांची यादी करा. गटातल्या म्हाताऱ्यांना सोबत घ्या, त्यांना सगळ्या ठाऊक असतात. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा: पाणी आहे का, शेवटचा गाळ कधी काढला, आणि आता ती कुणाच्या जबाबदारीवर आहे. आमच्या यादीत तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी काहीच लिहिता आलं नाही. तो रकाना भरायचं काम आता आमच्या गटानं घेतलंय. तुमच्या यादीत त्या रकान्यात काय येतं, ते आम्हाला याच रेडिओवर येऊन सांगा.